सी ड्राइव्ह भरलाय आणि विंडोज ११ टाकायचंय, जागा कुठून काढू?

पॅकहाऊस_पिंपळगाव:
नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतला आमचं द्राक्षाचं छोटं पॅकहाऊस आहे आणि ऑफिसचं सगळं एकाच लॅपटॉपवर चालतं, टॅली, जीएसटी, ग्रेपनेट (द्राक्ष निर्यातीची ऑनलाइन नोंदणी), बागायतदारांचे हिशोब, मजुरांची हजेरी, सगळं त्यातच. आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १२८ जीबी एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, सीए साहेब म्हणतात बँक आणि जीएसटी ह्याच मशीनवरून करता तर ११ टाकून घ्या. हेल्थ चेक अ‍ॅपमध्ये मशीन पास होतंय, टीपीएम (सुरक्षेची चिप) वगैरे सगळं हिरवं, पण अपडेट लावलं की जागा कमी आहे म्हणून अडतंय. सी ड्राइव्हला ९ जीबी उरलेत, डी ड्राइव्ह नाहीच.

आता सगळीकडे लिहिलंय की विंडोज ११ ला ६४ जीबी लागतात. १२८ मधले ६४ मोकळे करायचे तर मग माझ्याकडे राहणार काय? दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारून देतो, एका दिवसात होईल. पण मग टॅली परत टाका, डीएससी टोकनचा (डिजिटल सहीच्या यूएसबीचा) ड्रायव्हर शोधा, लेबल प्रिंटर सेट करा, आणि जानेवारीत माल सुरू झाला की ह्या कामाला कोणालाच वेळ नसतो. फॉरमॅट न मारता होईल का आणि काय काय उडवू ते सांगा प्लीज.

सातपूरकर:
होईल दादा, नक्की होईल. पहिलं म्हणजे ते ६४ जीबीचं टेन्शन काढून टाका. ती डिस्कची एकूण साईझ आहे, मोकळी जागा नाही. म्हणजे ६४ पेक्षा लहान डिस्क असेल तर विंडोज ११ ला चालणार नाही एवढाच त्याचा अर्थ, तुमची १२८ ची आहे, तिथे तुम्ही पास आहात. प्रत्यक्ष अपग्रेडला मी स्वतः साधारण २५ जीबी मोकळे असल्याशिवाय हात लावत नाही, त्याहून कमीतही होतं पण मग मधेच अडकतं, आणि अडकलेलं अपग्रेड मागे फिरायलाही वेळ खातं.

दुसरं, आत्ता काहीही उडवू नका. आधी जागा गेली कुठे ते बघा. लोक अंदाजाने फोटो आणि गाणी उडवत बसतात आणि खरं गबाळ वेगळ्याच ठिकाणी लपलेलं असतं. विझट्री नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि सी ड्राइव्ह स्कॅन करा, मोठ्यापासून लहानापर्यंत यादी काही सेकंदात समोर येते. ट्रीसाईझ फ्री पण चालेल, जरा हळू आहे. त्यातली वरची दहा-बारा नावं इथे टाका.

आणि तिसरं, खरं तर हेच पहिलं. टॅलीचा डेटा फोल्डर आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं एका बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा आणि कॉपी झालेल्या दोन-चार फाईली त्या डिस्कवरून उघडून बघा. टॅलीचा डेटा नेमका कुठल्या फोल्डरमध्ये बसलाय ते कंपनी सिलेक्ट करायच्या स्क्रीनवरच लिहिलेलं असतं, तिथून बघून घ्या, पुष्कळदा तो डॉक्युमेंट्समध्ये नसतोच.

गोदाघाट:
विझट्री वगैरे कशाला, विंडोज फोल्डरमध्ये विनएसएक्सएस नावाचं फोल्डर असतं बघा, दहा-दहा जीबी खाऊन बसलेलं असतं, ते उडवलं की काम झालं. आमच्या सिडकोतल्या एका मित्राने तेच केलं होतं.

सातपूरकर:
नको हो भाऊ, ते फोल्डर हाताने कोणीही उडवू नका. विंडोजचे सगळे सिस्टीम पार्ट तिथेच ठेवलेले असतात, अपडेट बसवायला आणि काढायला ते लागतात, ते गेलं की मशीन पुढच्या वेळी चालू होईलच ह्याचा भरवसा नाही. शिवाय ते दिसतं तेवढं मोठं नसतंच. त्यातल्या बऱ्याच फाईली आणि सिस्टीम३२ मधल्या फाईली डिस्कवर एकच असतात, एका फाईलला दोन ठिकाणी दोन नावं, आणि साईझ मोजताना ती दोनदा मोजली जाते. म्हणून दहा जीबी दिसलं तरी खरी जागा त्याहून बरीच कमी असते.

त्यातलं जुनं काढायचं तर विंडोजच्याच हाताने काढायचं. स्टार्टमध्ये डिस्क क्लीनअप शोधा, त्यात खाली क्लीन अप सिस्टीम फाईल्स असं बटण आहे ते दाबा, मग यादीत विंडोज अपडेट क्लीनअप येतं, त्याला टिक करा. वेळ लागतो, मधे बंद करू नका. तुमच्या मित्राचं मशीन चाललं असेल तर चांगलंच आहे पण टॅलीच्या मशीनवर ही जोखीम मी कोणाला घेऊ देणार नाही.

गोदाघाट:
ओके ते दोन नावांचं माहीत नव्हतं. मग क्लीनअपनेच करा दादा.

कॉलेजरोड_निनाद:
माझं मत जरा वेगळं आहे. सीझन तोंडावर आलाय ना, मग आत्ता अपग्रेडच कशाला? विंडोज १० ला एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स घेता येतात घरगुती मशीनला, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट्स किंवा ३० डॉलर. फक्त सिक्युरिटीचे अपडेट येतात, नवीन काही नाही, पण तुम्हाला तेवढंच हवंय. एप्रिलमध्ये माल संपला की निवांत करा. कंपनीच्या डोमेनला जोडलेलं मशीन असेल तर मात्र हा घरगुती मार्ग चालत नाही.

पॅकहाऊस_पिंपळगाव:
निनाद भाऊ हे चांगलं सांगितलंत, डोमेन वगैरे काही नाही आमचं. ते एनरोल तर आजच करतो. पण जागेचं दुखणं तसंही आहेच, रोजचे अपडेट पण अडतायत, म्हणून साफसफाई करूनच घेतो, मग डिसेंबरात जमलं तर अपग्रेड.

विझट्री चालवलं. आश्चर्य वाटलं खरं. सगळ्यात वर एक मोबाईलसिंक नावाचं फोल्डर आहे, ३१ जीबी! मला आधी वाटलं व्हायरस आहे. मग मुलीला विचारलं तर तिने आयफोन बदलताना जुन्या फोनचा बॅकअप इथे घेतला होता. मग फोटो १४ जीबी, बागेचे आणि बॉक्सचे, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले. डाउनलोड्स ८ जीबी. हायबरफिल डॉट सिस म्हणून एक फाईल ३ जीबीच्या वर. पेजफाईल डॉट सिस. सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन म्हणून फोल्डर ५ जीबी. आणि ज्याच्यावर मला संशय होता ती टॅली, तिचा पूर्ण डेटा सव्वा जीबी पण नाही. आणखी एक, डिस्क १२८ ची आहे तर विंडोज एकूण ११८ च दाखवतं, दहा जीबी कुठे गेले?

सातपूरकर:
ते कुठे गेले नाहीत. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं, त्यामुळे १२८ चे ११९ दिसतात, आणि उरलेला एखादा जीबी रिकव्हरीच्या आणि बूटच्या छोट्या पार्टिशनला जातो.

आता एकेक घेऊ.

मोबाईलसिंक. ताईला विचारा जुन्या फोनमधलं सगळं नव्या फोनमध्ये आलंय का, फोटो, चॅट, सगळं. आलं असेल तरी ते आख्खं फोल्डर आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, नावं बदलू नका, जसंच्या तसं. मग आयट्यून्समध्ये किंवा अ‍ॅपल डिव्हाइसेस अ‍ॅपमध्ये जाऊन बॅकअपच्या यादीतून डिलीट करा. इथेच तुमचं निम्म्याहून जास्त काम झालं.

हायबरफिल. लॅपटॉप हायबरनेट होतो तेव्हा रॅममधलं सगळं ह्या फाईलमध्ये लिहून ठेवतो, तिची साईझ साधारण रॅमच्या ४० टक्के असते, ८ चे ३.२, तुमचा आकडा बरोबर जुळतो. ती हाताने डिलीट होत नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनने उघडून पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ अशी कमांड दिली की आपोआप जाते. अपग्रेड झालं की ऑफच्या जागी ऑन लिहून परत चालू करा, कारण बॅटरी संपत आली तर तुमचं उघडं काम तीच वाचवते, पिंपळगावला लाईटचा भरवसा मला माहितीये.

पेजफाईलला हात लावू नका, रॅम कमी पडली की विंडोज ती वापरतं, ८ जीबी रॅमला ती हवीच.

सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन म्हणजे उतरवून ठेवलेले अपडेट, अर्धवट अडकलेले पण त्यात असतात. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाईल्स असं जा, तिथे टिक करायची यादी येते. विंडोज अपडेट क्लीनअप, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, टेम्पररी फाईल्स, थंबनेल्स ह्यांना बिनधास्त टिक करा. पण त्याच यादीत डाउनलोड्स म्हणून एक नाव असतं, त्याला टिक अजिबात करू नका!! लोक सगळ्याच चौकोनांवर टिक मारत सुटतात. तुमच्या डाउनलोड्समध्ये रेसिड्यूचे लॅब रिपोर्ट, ई-वे बिलं, बँकेची स्टेटमेंट पडलेली असणार, ते रिसायकल बिनमध्ये पण जात नाहीत, थेट गायब. ते फोल्डर माणसाने बसून बघायचं, फाईली साईझने लावून, जुने इन्स्टॉलर आणि दोनदा उतरलेल्या पीडीएफ तेवढ्या काढायच्या.

फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवा आणि हिशोबाच्या वादात लागतील असे असतील तर आणखी एका जागी ठेवा.

पॅकहाऊस_पिंपळगाव:
फोटो वनड्राइव्हवर टाकले तर? म्हणजे बाहेरची डिस्क आणायलाच नको.

सातपूरकर:
वनड्राइव्ह फुकटात ५ जीबीच देतं, तुमचे १४ आहेत. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या कारण ह्यात पुष्कळ लोकांचा डेटा गेलाय. वनड्राइव्ह फोल्डरमधली फाईल डिलीट केली की ती क्लाउडवरून पण डिलीट होते, जागा करायची म्हणून तिथे डिलीट दाबायचं नसतं. फाईलवर राइट क्लिक करून फ्री अप स्पेस म्हणायचं, मग फाईल क्लाउडवर राहते, लॅपटॉपवरून जाते आणि तिच्यापुढे ढगाचं चिन्ह येतं. ते चिन्ह दिसलं म्हणजे ती फाईल नेटशिवाय उघडणार नाही हे पण लक्षात ठेवा. गुगलवर १५ जीबी मिळतात पण त्यात तुमचे मेलही धरले जातात. तुमच्या कामाला बाहेरची डिस्कच बरी.

जेलरोडची_मीरा:
सातपूरकर दादा, माझा प्रश्न पण ह्यातच विचारते, चालेल ना? मुलगा डिप्लोमाला आहे, त्याचा लॅपटॉप ६४ जीबीचा आहे, सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी रॅम. तो म्हणतो एसएसडी नाही, ईएमएमसी आहे, बदलता येत नाही. त्यात विंडोज १० आहे आणि फक्त ६ जीबी मोकळे. ह्याच्यात आयफोन वगैरे काही लपलेलं नाही, सगळं बघून झालं, कॉलेजची सॉफ्टवेअर आणि विंडोज, संपलं. ह्याला कसं करायचं?

शालिमार_हार्डवेअर:
ताई, मुलगा बरोबर सांगतोय. ईएमएमसी बोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती काढून मोठी बसवायचं काम कोणी करून देतो म्हणाला तर करू नका. तरी एकदा मशीनचा मॉडेल नंबर टाकून बघा, काही मॉडेलमध्ये ईएमएमसी असूनही आत एक रिकामा एम डॉट टू स्लॉट (एसएसडीची पट्टी बसवायची जागा) दिलेला असतो, तसा असेल तर सुटलात.

पॅकहाऊसवाल्या दादांना पण सांगतो, तुमची १२८ ची बहुतेक एम डॉट टू असणार, ती बदलता येते. घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या, साटा आहे का एनव्हीएमई आणि लांबी किती, २२८० आहे का २२४२. दोन्ही दिसायला सारख्याच पट्ट्या असतात, पण साटाच्या स्लॉटला एनव्हीएमई चालत नाही. क्लोन मारला, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर घेतली, तर टॅली, टोकन, प्रिंटर सगळं जसंच्या तसं येतं, फॉरमॅटचा विषयच नाही. क्लोनझिला फुकट आहे. क्लोन मारल्यावर सी ड्राइव्ह जुन्याच साईझचा दिसतो आणि गिऱ्हाईक घाबरून परत येतं, त्याचं कारण सी च्या लगेच पुढे रिकव्हरीचं पार्टिशन बसलेलं असतं, ते सरकवल्याशिवाय सी वाढवता येत नाही. दुकानात क्लोन करून घेताना सी वाढवून द्या असं आधीच सांगा. आणि जुनी १२८ दुकानात सोडून येऊ नका, केसिंगमध्ये टाकून मागून घ्या, तुमचा चालू बॅकअप आहे तो.

सातपूरकर:
मीराताई, तुमच्या मशीनला पेनड्राइव्हचा मार्ग वापरायचा. लोकांना माहीत नाही पण विंडोजच्या सेटअपमध्येच ही सोय आहे. जागा कमी पडली की तो विचारतो की बाहेरचं स्टोरेज वापरू का, तिथे यादीतून पेनड्राइव्ह निवडता येतो. त्यावर किमान १० जीबी मोकळे लागतात, मी तर ३२ चा पूर्ण रिकामा घ्या म्हणेन. सी ड्राइव्हवर तरीही थोडी जागा लागतेच आणि किती कमी पडतेय ते तोच सांगतो, तुमच्या ६ चे १०-१२ करून घ्या.

ते कसे करायचे सांगतो. हायबरनेशन बंद, ४ जीबी रॅमला दीडेक जीबी सुटतील. मग कॉम्पॅक्ट ओएस. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनने उघडा, कॉम्पॅक्ट, स्पेस, स्लॅश कॉम्पॅक्टओएस कोलन ऑलवेज. विंडोजच्या फाईली दाबून बसवतो, दोन-अडीच जीबी मिळतात. आधी ऑलवेजच्या जागी क्वेरी लिहून बघा, लहान डिस्कच्या मशीनला कंपनीकडूनच चालू करून आलेलं असू शकतं. कॉलेजची सॉफ्टवेअर जी ह्या सेमला नाहीत ती अनइन्स्टॉल करा, मुलालाच विचारून.

आणि एक, नेटवरून आयएसओ (विंडोज टाकायची आख्खी फाईल) उतरवणार असाल तर तो सी ड्राइव्हवर उतरवू नका, तोच ५ जीबीच्या वर असतो. दुसऱ्या कोणाच्या मशीनवर मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर बनवून घ्या, आणि त्यातला सेटअप चालू विंडोजमधूनच डबल क्लिक करून चालवा, बूट करून, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच मशीन चालू करून, नाही. बूट करून गेलात की तो नवीन इन्स्टॉल होतो, सॉफ्टवेअर उडतात. चार्जर लावलेला पाहिजे आणि बॅटरी पूर्ण.

दोन तास धरून चाला, ईएमएमसी हळू असते, मधे टक्का हलत नाही असं वाटेल, बंद करायचं नाही.

जेलरोडची_मीरा:
एवढं सविस्तर सांगितलंत, खूप आभार. एक शंका, एवढं करून ११ टाकलं तर पुढे चालेल का नीट? का परत सहा महिन्यांनी हेच?

सातपूरकर:
खरं सांगायचं तर ६४ मध्ये विंडोज ११ बसतं पण ऐसपैस नाही. विंडोज स्वतःच्या अपडेटसाठी सुमारे ७ जीबी राखून ठेवतं, ते तुम्हाला वापरता येत नाहीत, आणि ते बंद करू पण नका, त्यामुळेच पुढचे अपडेट अडत नाहीत. वर्षातून एकदा मोठं अपडेट येतं तेव्हा पेनड्राइव्हची ही कसरत परत करावी लागू शकते. मुलाच्या कॉलेजला विंडोजचीच सॉफ्टवेअर लागत असतील तर हे करा. नुसतं ब्राउझर, पीडीएफ आणि टायपिंग असेल तर लिनक्स मिंटचा विचार करा, त्याला २० जीबीत भागतं, १०० असली तर बरी असं ते म्हणतात. मराठी टायपिंग युनिकोडमध्ये व्यवस्थित चालतं.

तपोवन:
मधे घुसतोय, सॉरी. माझ्याकडे सी ड्राइव्हला ६० जीबी मोकळे आहेत तरी अपग्रेड होत नाहीये, सिस्टीम रिझर्व्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही म्हणतं. ६० जीबी असून जागा नाही म्हणजे काय? डोकं फिरायची वेळ आलीय.

सातपूरकर:
तुमचं दुखणं वेगळ्या पार्टिशनचं आहे. सी च्या आधी एक लपलेलं ईएफआय पार्टिशन असतं, बहुतेक मशीनवर १०० एमबी फक्त. मशीन चालू होताना लागणाऱ्या फाईली तिथे असतात, आणि काही कंपन्यांची बायोस अपडेट तिथेच जुन्या फाईली सोडून जातात, की ते भरतं. नव्या विंडोजला तिथे १५-२० एमबी लागतात, तेवढेही नसले की अडतं. सी मध्ये ६० असोत नाहीतर ६००, उपयोग नाही.

मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेला उपाय आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनने उघडा, माउंटव्हॉल वाय कोलन स्लॅश एस, म्हणजे ते पार्टिशन वाय म्हणून दिसायला लागतं. मग त्यात ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फॉन्ट्स असं आत जायचं आणि फक्त त्या फॉन्ट्स फोल्डरमधल्या फाईली उडवायच्या. चालू होतानाच्या स्क्रीनवरची वेगवेगळ्या भाषांची अक्षरं असतात ती, मशीन त्यांच्याशिवाय चालू होतं. एवढ्याने सहसा भागतं. बाकी कशालाही तिथे बोट लावू नका, बूटच्या फाईली शेजारीच असतात. आणि कमांडची सवय नसेल तर शालिमारवाल्यांसारख्या जाणकाराकडून करून घ्या, हे खरंच विचारून करायचं काम आहे.

आणखी, हे तपोवनभाऊंनाच नाही तर सगळ्यांना. बायोस, बूट, एसएसडी ह्यातल्या कशालाही हात लावायच्या आधी तुमचं मशीन बिटलॉकरने लॉक आहे का ते बघा. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन असं शोधा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, ४८ अंकी असते. अपग्रेडनंतर किंवा बायोस बदलल्यावर निळी स्क्रीन येऊन ती मागितली आणि तुमच्याकडे नसली, तर आतला डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही, कुठलंही दुकान नाही, मायक्रोसॉफ्ट पण नाही. लॅपटॉप सेट करताना कोणाचा ईमेल टाकला होता ते आधी आठवा. भाच्याने करून दिला असेल तर की त्याच्या अकाउंटमध्ये असेल.

तपोवन:
फॉन्ट्समधल्या फाईली काढल्या, आता अपग्रेड पुढे सरकतंय. एन्क्रिप्शन चालू निघालं माझं, की लिहून घेतली. मनापासून धन्यवाद.

इंदिरानगर_वाचक:
मॅकवाल्यांचं पण कोणी सांगा. १२८ ची जुनी मॅकबुक एअर आहे, सिस्टीम डेटा म्हणून चाळीस जीबी दाखवतंय आणि त्यात काय आहे ते कळत नाही.

कॉलेजरोड_निनाद:
त्यातले बरेच टाइम मशीनचे लोकल स्नॅपशॉट असू शकतात. टाइम मशीनची डिस्क जोडलेली नसली की तो आतल्याच डिस्कवर जुन्या अवस्था साठवून ठेवतो. डिस्क युटिलिटी उघडा, डेटा व्हॉल्यूम निवडा, व्ह्यू मध्ये शो एपीएफएस स्नॅपशॉट्स आहे, तिथे यादी दिसते आणि काढता पण येतात. आधी बाहेरच्या डिस्कवर एक पूर्ण टाइम मशीन बॅकअप घ्या मगच काढा. आणि मॅकओएस अपग्रेड करणार असाल तर जागा भरपूर करूनच सुरू करा, बिग सर ह्या मॅकओएसच्या वेळी अ‍ॅपलने स्वतः ३५.५ जीबी मोकळे लागतील असं लिहिलं होतं, सिएरा किंवा त्यानंतरच्या मॅकओएसवरून जाताना. १२८ मध्ये ती एवढी जागा काढायची म्हणजे फोटो लायब्ररी बाहेर हलवावीच लागते.

पॅकहाऊस_पिंपळगाव:
झालं! मुलीने नवा फोन सगळा तपासला, बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला आणि इथून काढला, फोटो हलवले, टेम्पररी फाईल्स काढल्या (डाउनलोड्सला टिक केली नाही), हायबरनेशन बंद केलं, आणि मोकळे झाले ६२ जीबी. काल संध्याकाळी पॅकहाऊस बंद झाल्यावर अपग्रेड लावलं, रात्री जेवण होईपर्यंत विंडोज ११ आलं. टॅली उघडली, मागच्या वर्षाचं लेजर दिसतंय, लेबल प्रिंटर पहिल्याच झटक्यात छापतोय. डीएससी टोकन मात्र ओळखत नाहीये. आणि सी ड्राइव्ह बघतो तर परत २५ जीबी कमी, विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर आलंय. ते काढून टाकू का?

सातपूरकर:
अभिनंदन दादा. पण ते फोल्डर आत्ता काढू नका! तेच तुमचं जुनं विंडोज १० आहे. टोकन चालेपर्यंत ते हवंच. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरीमध्ये गो बॅक बटण आहे, ते ह्या फोल्डरच्या जिवावर चालतं आणि १० दिवस राहतं, मग विंडोज आपणहून ते फोल्डर काढतं. तुम्हाला जास्त दिवस हवे असतील तर त्या दहा दिवसांच्या आतच मुदत वाढवता येते. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डिसम, स्लॅश ऑनलाइन, स्लॅश सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो, स्लॅश व्हॅल्यू कोलन ३०. जास्तीत जास्त ६० देता येतात. तुमच्याकडे जागा आहे, ३० करून ठेवा, म्हणजे मधे एक जीएसटी रिटर्न भरून होईल, एक्सपोर्टचे कागदही एकदा सही करून बघता येतील.

टोकनचं, जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, रिस्टार्ट, मग टोकन काढलेलं असतानाच टोकन बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून विंडोज ११ चा ड्रायव्हर उतरवून टाका, आणि शेवटी टोकन लावा. टोकन इनिशियलाइज करायला कुठे विचारलं तर नाही म्हणा, त्याने आतलं सर्टिफिकेट पुसलं जातं आणि नवीन काढावं लागतं.

पॅकहाऊस_पिंपळगाव:
चालू झालं टोकन. नवीन ड्रायव्हरने लगेच ओळखलं. ३० दिवसांची कमांड पण दिली, हायबरनेशन परत ऑन केलं. सीए साहेबांना हा धागा पाठवलाय, त्यांच्याकडे अशीच १२८ वाली मशीन आहेत म्हणे, शालिमारवाल्या भाऊंचं क्लोनचं त्यांना जास्त आवडलं.

जेलरोडची_मीरा:
आमचंही झालं हो दादा! मुलानेच केलं सगळं. कॉम्पॅक्टची क्वेरी टाकली तर चालू नव्हतं, मग ऑलवेज केलं, दोन सॉफ्टवेअर काढली आणि १२ जीबी झाले. सेटअपने खरंच पेनड्राइव्ह मागितला, यादीतून निवडला. रात्रभर ठेवलं, सकाळी तयार. आता तो पेनड्राइव्ह काढून घेऊ का? त्याला प्रोजेक्ट न्यायचाय त्यात.

सातपूरकर:
वा, पोराला शाबासकी द्या माझ्याकडून. पेनड्राइव्ह लॅपटॉपमधून काढा चालेल, पण पुसू नका आणि त्यात काही टाकूही नका. विंडोज १० वर मागे जायची वेळ आली तर त्या फाईली त्यावरच आहेत. दहा दिवस नीट चाललं, कॉलेजची सॉफ्टवेअर सगळी उघडली, की मग फॉरमॅट करून त्याला देऊन टाका. प्रोजेक्टला तोपर्यंत दुसरा वापरू दे.